विश्लेषण : मालवाहू बोटीचे राहते घर कसे झाले? इंग्लंडच्या ‘नॅरोबोट’कडून ‘शकुंतला’ने काय घ्यावे?

अचलपूर-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ बंद पडून काही वर्षे लोटली. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावण्यासाठी घातलेल्या या अरुंद रुळांचे आणि डब्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. हा कापूस ज्या देशातील गिरण्यांकडे जात असे, त्या इंग्लंडमध्येही अरुंद कालव्यांवरून माल वाहणाऱ्या ‘नॅरोबोटीं’पुढे एकेकाळी हाच प्रश्न उभा राहिला होता. मालवाहतूक संपली, कालवे गाळाने भरू लागले. तरी या बोटी सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. आज हजारो लोक बारा महिने अशा बोटींत राहतात. हे कसे घडले, सात फुटांच्या रुंदीत संसार कसा मांडतात, त्यासाठी काय खटाटोप करावा लागतो आणि त्यातून अचलपूरकरांनी काय घ्यावे, याचा हा आढावा.

नॅरोबोट म्हणजे नेमके काय?

नावाप्रमाणे ही अरुंद, लांबट आणि सपाट बुडाची कालव्यातली बोट. तिची रुंदी साधारण ६ फूट १० इंच, तर लांबी जास्तीत जास्त ७२ फुटांच्या आसपास असते. एसटीच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल जवळपास तेवढी, पण रुंदीला एका बसपेक्षाही कमी. पाण्यात ती जेमतेम दोन-अडीच फूट बुडते. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. काठाने झपझप चालणारा माणूस तिच्या बरोबरीने जाऊ शकतो.

इंजिने येण्यापूर्वी ही बोट घोडा ओढत असे. कालव्याच्या काठाने घोड्यासाठी पायवाट असे, तिथून तो दोराने बोट खेचत नेई. त्या काळच्या खराब रस्त्यावर घोड्याच्या गाडीत दोनेक टन माल जाई. पाण्यावर तोच घोडा २५-३० टन ओढे. कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी, धान्य आणि कापूस असा सगळा माल या बोटींनी वाहिला.

बोटीचा बहुतेक भाग मालासाठी मोकळा असे आणि त्यावर ताडपत्री टाकत. मागच्या टोकाला सुमारे १० फूट लांबीची एक खोली असे. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर भाडे घटले, काठावर घर ठेवणे परवडेना, तेव्हा नावाड्यांची अख्खी कुटुंबे या खोलीत राहू लागली. दिवसा कपाटात दुमडून ठेवायचा पलंग, झाकण खाली ओढले की टेबल होणारे फडताळ, कोपऱ्यात कोळशाची शेगडी आणि भिंतींवर रंगवलेली गुलाबाची फुले व किल्ले अशी तिची मांडणी असे. या खोल्यांतील दाटी आणि मुलांची हेळसांड यांवरून ओरड झाली, म्हणून ब्रिटिश संसदेने १८७७ आणि १८८४ मध्ये कालव्यावरील बोटींसाठी कायदे केले. बोटीत राहणे ही तिथली आजची हौस नाही; त्याची सुरुवात गरिबीतून झाली आहे.

रुंदी सात फुटांतच का अडकली?

त्याचे उत्तर ‘लॉक’मध्ये आहे. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घेऊन खालचा दरवाजा लावायचा, वरच्या कालव्यातून पाणी सोडायचे, हौद भरला की बोट आपोआप वर उचलली जाते. उतरताना याच्या उलट करायचे. चढउताराच्या मुलखात कालवा नेण्याची ही युक्ती आहे.

ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे काम १७६६ मध्ये सुरू झाले. त्याचे अभियंता जेम्स ब्रिंडली यांनी लॉकची रुंदी सात फुटांच्या आसपास ठेवली. अरुंद लॉकला दगडकाम कमी लागते आणि प्रत्येक बोटीमागे पाणीही कमी खर्च होते. त्याला जोडून झालेल्या अनेक कालव्यांनी तेच माप उचलले आणि मध्य इंग्लंडमधल्या बोटींची रुंदी कायमची ठरून गेली.

अचलपूरकरांना हा हिशेब परका वाटू नये. शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. अरुंद रूळ घातले की भराव, पूल, वळणे, डबे असे सगळेच स्वस्तात होते. पुढे वाहतूक वाढली की तेच माप अडचणीचे ठरते, कारण मोठ्या मार्गावरची गाडी त्यावर येऊ शकत नाही आणि माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. इंग्लंडमधल्या अरुंद कालव्यांचे रेल्वेपुढे आणि पुढे ट्रकपुढे असेच झाले.

वऱ्हाडच्या कापसाशी याचा संबंध काय?

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्यामागे काळ्या मातीतल्या कापसाचे आकर्षण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाची एक जात ‘ऊमरा’ या नावाने विकली जाई. ते नाव उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून पडले होते.

लिव्हरपूलला उतरलेल्या गाठी पुढे रेल्वेने आणि कालव्याने गिरण्यांकडे जात. १८१६ मध्ये पूर्ण झालेला १२७ मैलांचा लीड्स अँड लिव्हरपूल कालवा हा त्यातला मोठा रस्ता. त्याचे लॉक दुप्पट रुंद असल्याने तिथल्या बोटीही रुंद होत्या. मँचेस्टरभोवतीच्या अ‍ॅश्टन, मॅकल्सफील्ड अशा कालव्यांवर मात्र सात फुटी बोटीच चालत.

इकडे कापूस पिकणाऱ्या गावांना मुख्य रेल्वेशी जोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून दोन अरुंद फाटे निघाले. एक यवतमाळला, ११३ किलोमीटरचा आणि दुसरा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून अचलपूरला, ७६ किलोमीटरचा. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने हे मार्ग उभे राहिले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी ओढत होते. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. अचलपूरचे रूळ आणि मँचेस्टरचे कालवे अशा रीतीने कापसाच्या एकाच व्यापाराची दोन टोके होती.

मालवाहू बोट घर कधी झाली?

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. टॉम रॉल्ट या तरुण अभियंत्याने ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी मालवाहू बोट नात्यातल्या एका अभियंत्याच्या हातून मिळवली. १९३९ मध्ये बॅनबरी येथील टूली कुटुंबाच्या कारखान्यात ती दुरुस्त करून घेतली आणि तिच्या मालाच्या जागेत निजायची खोली, स्वयंपाकघर, पुस्तकांचे कपाट, इतकेच काय अंघोळीचा टबही बसवला. त्याच वर्षी रॉल्ट आणि त्यांची पत्नी अँजेला या बोटीत राहायला गेले. १९५१ पर्यंत हेच त्यांचे घर होते.

या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये आले आणि लोकांनी विसरलेल्या कालव्यांकडे पुन्हा लक्ष गेले. १९४६ मध्ये रॉल्ट आणि लेखक रॉबर्ट एकमन यांनी इतरांना घेऊन कालवे वाचवण्यासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संघटना उभी केली. १९४७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेन येथे कालव्यावरचा उचलता पूल बंद पडला होता. कालवा रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. बोटी येतच नाहीत तर पूल उचलायचा कशाला, असा तिचा पवित्रा. रॉल्ट ‘क्रेसी’ घेऊन पुलापाशी हजर झाले. कायद्याने जलमार्ग खुला ठेवणे बंधनकारक असल्याने कंपनीला जॅक लावून पूल उचलावा लागला. बोट वापरात होती म्हणून मार्गावरचा हक्क सिद्ध करता आला.

१ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूक जवळपास संपली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने मात्र कालव्यांचे वर्ग पाडले आणि सहलीच्या बोटींसाठी सांभाळायचे कालवे असा एक स्वतंत्र वर्ग मान्य केला. त्यानंतर स्वयंसेवकांनी चिखल उपसून, लॉकचे दरवाजे बदलून एकेक बंद मार्ग उघडला. १९४४ पासून बंद असलेला हडर्सफील्ड नॅरो कालवा २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यावरचा डोंगराखालचा बोगदा पाच किलोमीटरहून लांब आहे.

जुनी बोट घेताना आधी काय बघतात?

आतले लाकूडकाम नव्हे, तर बूड. आज दुरुस्तीसाठी बाजारात येणाऱ्या बहुतेक ‘जुन्या’ बोटी १९७० नंतर बांधलेल्या पोलादी बोटी आहेत. त्याहून जुन्या मालवाहू बोटी थोड्या. पोलादी बोटीच्या अंगाचे माप सहसा ‘१०-६-४’ असे सांगतात. बुडाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूचा ६ आणि खोलीच्या छप्पर-भिंतींचा ४. पाण्यातला गंज हा पत्रा हळूहळू खातो.

म्हणून बोट क्रेनने उचलून किंवा सुक्या गोदीत घेऊन तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. तो ध्वनिलहरींच्या यंत्राने जागोजागी पत्र्याची जाडी मोजतो. ती चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर अनेक विमा कंपन्या बोट स्वीकारत नाहीत. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. त्याने बोटीचे वजन वाढते, ती पाण्यात आणखी बुडते आणि आधी पाण्याच्या वर असलेली भोके, जाळ्या पाण्याच्या जवळ येतात. त्यामुळे एका दुरुस्तीसोबत इतर चार गोष्टी पुन्हा मोजाव्या लागतात.

दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तिच्या बुडाला बिटुमेनचा काळा लेप देतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी पत्र्याला डांबराचा हात मारतात, तसाच हा प्रकार. शिवाय बाजूला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. विद्युत-रासायनिक क्रियेत आधी हे ठोकळे झिजतात आणि पोलाद वाचते. खाऱ्या पाण्यात त्यासाठी जस्त वापरतात. कालव्याच्या गोड्या पाण्याला मॅग्नेशियम लागते.

स्वस्तात मिळालेली बोट पुढे महाग पडते ती बहुधा इथेच. आतून चकचकीत, पण बूड पातळ, अशी बोट घेणे म्हणजे पाया खचलेल्या वाड्याला रंग देण्यासारखे आहे.

सात फुटांत घर कसे मांडतात?

५७ फुटी बोट लोकप्रिय आहे, कारण वेगवेगळ्या मापांच्या लॉकमधून ती देशातल्या बहुतेक कालव्यांवर फिरू शकते. पुढचे-मागचे मोकळे भाग आणि इंजिनाची जागा सोडली तर आत साधारण ४० फूट लांबी उरते. आतली रुंदी सुमारे सहा फूट. म्हणजे २४० चौरस फूट. शहरातल्या वन-रूम-किचनएवढी जागा, फक्त एका लांब पट्टीत.

रेल्वेच्या डब्याप्रमाणे इथेही खोल्या एकामागे एक येतात. पुढे बसायची जागा आणि शेगडी, मग स्वयंपाकाचा ओटा, मग न्हाणीघर, शेवटी पलंग आणि मागे इंजिन, अशी नेहमीची रचना. एका बाजूने दोन फुटांची ये-जा करण्याची वाट सोडावीच लागते, त्यामुळे सामान उरलेल्या चार फुटांत बसवायचे. पलंगाखाली खण, पायरीखाली पेटी, बाकाखाली पाण्याचे नळ, अशी प्रत्येक पोकळी कामाला लागते. रात्री पलंग रुंद करायचा तर त्याची फळी वाटेवर ओढून घेतात.

सुताराची खरी परीक्षा वेगळीच असते. बोट पाण्यावर हलते, एका बाजूला माणूस गेला तरी कलते. म्हणून घरबांधणीतला ओळंबा आणि पाणसळ इथे उपयोगाची नाही. सगळी मापे बोटीच्या तळापासून आणि छपरापासून घ्यावी लागतात. छप्पर थोडे कमानीचे आणि भिंती आत झुकलेल्या असल्याने काटकोन फारसा कुठे मिळत नाही.

वजनाचा तोल हाही रोजचा प्रश्न. लोखंडी शेगडी एका बाजूला बसवली तर दुसऱ्या बाजूला तेवढेच वजन हवे. पाण्याची टाकी बहुधा पुढच्या टोकाला असते; ती भरली की नाक खाली जाते, रिकामी झाली की वर येते. तोल साधण्यासाठी फळ्यांच्या जमिनीखाली विटा किंवा फरश्या रचून ठेवतात. दुरुस्तीत जड लाकूड काढून हलके बसवले तर या विटाही पुन्हा मांडाव्या लागतात.

पाणी, वीज आणि शौचालयाचे काय?

घराला नळ, तार आणि गटार बाहेरून येते. बोटीत या तिन्ही गोष्टी सोबत न्याव्या लागतात. काही शे लिटरची टाकी कालव्याकाठच्या नळावर भरून घ्यायची आणि ती पुढच्या नळापर्यंत पुरवायची. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे गणित नव्याने शिकवावे लागणार नाही. अंघोळ दोन मिनिटांत उरकणे, भांडी एका टोपल्यात धुणे, याची सवय बोटीवरच्यांना पहिल्या महिन्यातच लागते.

वीज बॅटऱ्यांतून येते. इंजिन चालू असताना त्या भरतात, शिवाय छपरावर सौर पट्ट्या असतात. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टवर चालतात. मिक्सर किंवा लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लागतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात दिवस लहान आणि आभाळ ढगाळ, त्यामुळे सौर वीज नेमकी गरजेच्या वेळी कमी पडते. इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या तर शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ ते बंद ठेवण्याचा संकेत आहे.

शौचालयाचे तीन प्रकार आहेत. मोठी टाकी असेल तर ती ठरावीक ठिकाणी पंपाने उपसून घेतात. दुसऱ्या प्रकारात हाताने नेता येईल अशी पेटी असते, ती काठावरच्या केंद्रात रिकामी करायची. तिसऱ्यात मैला आणि मूत्र वेगळे ठेवून मैल्याचे खत करतात. बोट विकत घेताना लोक स्वयंपाकघराचे फोटो आधी पाहतात. पण रोजचे राहणे सुखाचे होणार की नाही, हे बरेचसे या निवडीवर ठरते.

थंडी, ओल आणि धुराचा धोका किती?

पोलादाचा पत्रा थंड, आतली हवा गरम. माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ त्या पत्र्यावर बसते आणि पत्र्याला अक्षरशः घाम सुटतो. हे पाणी लाकडी अस्तरामागे झिरपले की फळ्या कुजतात आणि बूड आतून गंजते. म्हणून चांगल्या नूतनीकरणात आतले जुने अस्तर पूर्ण काढतात, गंज घासतात आणि पत्र्यावर फोमचा फवारा मारून जाड थर चिकटवतात. फोम आणि पत्रा यांत पोकळी राहिली नाही तर दव साचायला जागाच उरत नाही.

उबेसाठी लाकूड-कोळशाची शेगडी किंवा डिझेलचा हीटर असतो. थंडीत शेगडी पेटवून खिडक्या, झरोके बुजवण्याचा मोह होतो आणि तोच जीवघेणा ठरतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस बेशुद्ध करतो. एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींत त्याची सूचना देणारा गजर सुरक्षा तपासणीत सक्तीचा झाला.

स्वयंपाकाच्या गॅसचा नियमही समजून घेण्यासारखा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. दार उघडले की काही निघून जातो. बोट मात्र बंद हौदासारखी असते. गळलेला गॅस तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडर स्वतंत्र कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक असते. ही व्यवस्था आणि विजेच्या तारा दर चार वर्षांनी तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याशिवाय परवाना मिळत नाही.

बोटीचा पत्ता काय लिहायचा?

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते. बोटीला तिचा परवाना, विमा आणि सुरक्षा प्रमाणपत्र लागते. त्यानंतर दोन मार्ग असतात. एक, भाडे भरून काठावर कायमची जागा घ्यायची. दुसरा, जागा न घेता फिरत राहायचे. १९९५ च्या कायद्यानुसार अशा बोटीला सहसा एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही.

लंडनमध्ये घरभाडे आवाक्याबाहेर गेल्याने अनेकांनी हा दुसरा मार्ग धरला. पण दर पंधरवड्याला घर हलवायचे म्हणजे मुलांची शाळा, नोकरी, दवाखाना सगळेच लांब-जवळ होत राहते. कायमचा पत्ता नसल्याने बँक आणि सरकारी कागदपत्रे अडतात. एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या बोटींच्या परवान्यावर जादा आकारणी सुरू झाली, तिला बोटवासीयांनी विरोध केला. ट्रस्टची बाजू अशी की लॉक, बंधारे आणि जुने तलाव सांभाळण्याचा खर्च वाढतो आहे आणि २०२७ नंतरची सरकारी मदत महागाईच्या मानाने घटणार आहे. बोट स्वतःची असली तरी पाणी सामायिक आहे. त्याचा खर्च कोणी किती उचलायचा, यावरचा वाद मिटलेला नाही.

घर केल्याने जुनी बोट वाचते की बदलते?

दोन्ही. खऱ्या जुन्या मालवाहू बोटीवर टोकापासून टोकापर्यंत खोली चढवली की बूड वाचते, पण माल भरायची मोकळी जागा, म्हणजे त्या बोटीची ओळख जाते. काही बोटी तर लॉकमध्ये सहज मावाव्यात म्हणून कापून आखूड केल्या गेल्या. म्हणून जाणकार आता मधला मार्ग सुचवतात. मागची मूळ खोली तशीच ठेवायची आणि मालाच्या जागेवर पूर्वीच्या ताडपत्रीच्या आकाराची, पुन्हा काढता येईल अशी खोली करायची.

आपल्याकडे केरळचे ‘केट्टुवल्लम’ याच वाटेने गेले. खिळे न वापरता काथ्याने फळ्या बांधून केलेल्या या भात वाहणाऱ्या नावा रस्ते झाल्यावर निरुपयोगी ठरल्या आणि पर्यटकांच्या हाउसबोटी बनल्या. मध्य रेल्वेने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणि नागपूरला जुन्या डब्यांत उपाहारगृहे सुरू केली. डब्याचा सांगाडा त्यामुळे वाचला. मात्र तो आता जागचा हलत नाही.

मग ‘शकुंतला’साठी यातून काय घ्यायचे?

टॉम रॉल्ट यांचे नाव इथे दुसऱ्यांदा येते. १९५० मध्ये वेल्समधील टॅलिलिन ही दगडी पाट्या वाहणारी अरुंद रेल्वे बंद पडायच्या बेतात होती. रूळ २ फूट ३ इंचांचे, म्हणजे शकुंतलेपेक्षाही अरुंद. रॉल्ट यांच्या पुढाकाराने जमलेल्या लोकांनी संस्था काढली आणि १९५१ पासून ती गाडी स्वयंसेवकांनी चालवली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ती जगातली पहिली रेल्वे मानली जाते. ती आजही चालते.

रॉल्ट यांच्या दोन्ही प्रयत्नांत क्रम एकच होता. आधी मार्ग हातचा जाऊ द्यायचा नाही, मग त्यावर चालणारे साधन दुरुस्त करायचे आणि वापर त्यानंतर शोधायचा. ‘क्रेसी’ स्वतः टिकली नाही. तिचे लाकूड कुजले आणि ती मोडीत निघाली. पण तिने कालवा खुला ठेवायला मदत केली, म्हणून इतर हजारो बोटींना जागा मिळाली. कालवे बुजवले गेले असते तर त्या बोटी काठावर ठेवलेल्या शोभेच्या वस्तू झाल्या असत्या.

अचलपुरात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इथल्या लोकांना सर्वांत आधी गाडी हवी आहे. कमी भाड्यात दर्यापूर-मूर्तिजापूर गाठता येणे ही शेतमजुरांची आणि विद्यार्थ्यांची गरज होती, म्हणूनच शकुंतला वाचवण्यासाठी आंदोलने झाली आणि रुंद रुळांची मागणी पुढे आली. रुंद मार्ग झाला तर अरुंद रूळ उखडावे लागतील. इंग्लंडमध्ये कालव्याची रोजची गरज संपली होती, म्हणून तो हौसेला आणि घरांना देता आला. शकुंतलेच्या मार्गावरची गरज संपलेली नाही, हा मोठा फरक आहे.

तरी काही गोष्टी दोन्ही वाटांना लागू पडतात. रुंद रूळ येवोत वा न येवोत, मार्गाची पट्टी अतिक्रमणापासून मोकळी राहिली पाहिजे. ती एकदा गेली की दोन्ही पर्याय संपतात. एखादा टप्पा अरुंद ठेवून त्यावर गाडी फिरवता येईल का, याचा विचार रूळ उखडण्याआधी व्हायला हवा. डब्यांचे वाचनालय, संग्रहालय किंवा मुक्कामाची खोली करायची असेल, तर सुरुवात रंगरंगोटीने नव्हे, सांगाड्याच्या तपासणीने करावी. इंग्लंडमध्ये फोमचा थर थंडी अडवतो; मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या अचलपुरात तोच थर उन्हासाठी लागेल, नाहीतर लोखंडी डबा भट्टी होईल. आणि मूळ बाके, खिडक्या, दारे काढलीच तर ती परत बसवता येतील अशी जपून ठेवावीत.

अचलपूरच्या कापूस उद्योगाचे दुसरे मोठे चिन्ह असलेली फिनले मिल टाळेबंदीत थांबली. कापसाच्या व्यापाराने इथे उभे केलेले रूळ, डबे आणि स्थानके उन्हापावसात आहेत. गंज दोन्ही देशांत लोखंड खातच असतो. इंग्लंडमध्ये जुनी बोट घेणारा माणूस पत्र्याची जाडी आधी मोजतो, कारण दुरुस्ती परवडेल की नाही हे त्या आकड्यावर ठरते. शकुंतलेच्या उरलेल्या डब्यांची आणि पुलांची तशी मोजणी ही पहिली पायरी ठरू शकते. रुंद रुळांचा निर्णय होईपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.